कुरळ्या केसांचा हेअरबँड आतून बघून घ्या

माझ्या लेकीचे केस माझ्यासारखेच दाट कुरळे. तिसरीत ती शाळेत दातेरी प्लॅस्टिकचा हेअरबँड लावायची. दिवाळीच्या सुट्टीत तेल लावताना माझा हात थांबला. दोन्ही कानांच्या मागे, बँडची टोकं दाबायची बरोबर तिथेच, केस विरळ झाले होते आणि तुटकी खुंटं बोटांना टोचत होती. वेळीच थांबवलं म्हणून ते परत आले. सतत ताण बसला तर केस कायमचेही जातात.

टाळूचं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, कुरळ्या केसावर ते वळणावळणात अडकतं. म्हणून आपले केस कोरडे, आणि कोरडा केस घासला की तुटतो.

तुळशीबागेत गेले की मी आधी बँड उलटा करते. शिवण जाड आहे का, इलॅस्टिकच्या जोडावर धातूची पट्टी किंवा गोंदाचा गोळा आहे का, ते चाचपते. जोडात एक बट अडकली तरी ती तुटूनच सुटते. मग मनगटाच्या आतल्या बाजूला दोन-चारदा घासून बघते. खरखर जाणवली की परत ठेवते. सुती बँड हाताला मऊ लागतो, पण केसांतला ओलावा पितो. व्यायामापुरता ठीक, दिवसभर नको. रेशीमच हवं असंही नाही. सॅटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नव्हे. पॉलिस्टरचं सॅटिनही केसावरून छान सरकतं, फक्त उन्हाळ्यात घाम येतो.

रुंदी तीन-चार बोटं असू द्या, म्हणजे दाब पसरतो. घातल्यावर कपाळाशी बोट सहज आत गेलं पाहिजे. काढल्यावर वळ दिसला तर तो घट्टच, कितीही आवडला असला तरी.

मी आता घरीच शिवते. बोहारणीला द्यायला काढलेली आईची रेशमी साडी होती, तिचे सहा बँड झाले. जरीचा काठ मात्र कापून टाका, जरीची तार केसांना कापते. लेकीच्या डोक्याचा घेर 53 सेंटीमीटर. बँड न ताणता 50 भरतो. इलॅस्टिक फक्त मानेशी, 10 ते 12 सेंटीमीटर, तेही कापडाच्या नळीत.

ओल्या केसांवर बँड लावू नका, तेव्हा केस जास्त ताणला जातो. गळ्यात घालून वर घ्या, आणि कपाळावरच्या केसांच्या कडेशी आला की थांबा. तिथून मागे खरवडत नेलात तर सगळा ताण पुढच्या बारीक केसांवर येतो. शाळेतून आल्यावर काढायचाच, झोपताना तर अजिबात नको.

धुताना थोड्या शाम्पूच्या पाण्यात बुचकळा, न पिळता सावलीत वाळवा. इलॅस्टिक सैल पडलं तर गाठ मारू नका, ती नेमकी मानेशी केसांत रुतते. शिवण उसवून नवं घाला, दहा मिनिटांचं काम आहे.