गाडी वाजते, पण कधी? गॅरेजात नव्यानं येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून मुलं साताऱ्यातल्या गॅरेजांत येतात तेव्हा इंजिन खोलायला आणि जोडायला बऱ्यापैकी शिकलेली असतात. गिऱ्हाईक येऊन नुसतं ‘गाडी वाजतीय’ म्हणालं की मात्र अडतं, कारण वर्गातलं इंजिन स्टँडवर गप्प बसलेलं असतं. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. नव्या मुलांना मी पहिल्यापासून एकच गोष्ट सांगतो: आवाज कुठून येतो हे नंतर शोधा, आधी तो कधी येतो ते विचारा.

थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत येतो की चालत्या? रेस दिली की वाढतो का? चढाला येतो का, एसी लावल्यावर येतो का, क्लच दाबल्यावर बदलतो का? एवढी उत्तरं मिळाली की निम्मं इंजिन संशयातून बाहेर पडतं, तेही हातात पाना न घेता. गिऱ्हाइकाला आवाजाची नक्कल करायला लाजू देऊ नका. ‘टिकटिक’, ‘धडधड’, ‘खरखर’, ‘किर्रर्र’ हे शब्द जसेच्या तसे जॉबकार्डावर लिहा. तुमचा अंदाज मात्र त्यात मिसळू नका. ‘टॅपेटचा आवाज’ (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) असं एकदा कार्डावर पडलं की पुढचा माणूस दुसरं काही ऐकतच नाही.

एका गिऱ्हाइकाची तक्रार अशी होती: पुण्याला जाताना गाडी गप्प असते, येताना वाजते. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्यात सगळं आलं होतं. खंबाटकीला तेव्हा जाताना बोगदा लागायचा आणि येताना घाट चढावा लागायचा. म्हणजे आवाज लोडवर, इंजिनावर ताण पडला की, येत होता. गाडी घेऊन यवतेश्वरच्या घाटात गेलो, वरच्या गियरमध्येच चढ घेतला आणि ॲक्सिलरेटर दाबला. काचेच्या बरणीत गोट्या हलवाव्यात तसा बारीक खडखडाट सुरू झाला. एक गियर खाली टाकला की बंद. हे डिटोनेशन. सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीपासून शिस्तीनं जळत जाण्याऐवजी उरलेला भाग दाबानं आणि उष्णतेनं आपोआप भडकतो आणि त्याचा धक्का धातूला बसतो. प्लग काढले तर चुकीच्या हीट रेंजचे (प्लग किती तापतो त्या मापाचे) बसवलेले निघाले, वर पिस्टनवर कार्बनही साचलेला. प्लग बदलले, कार्बन काढला, आवाज गेला. बोनेट उघडून उभ्या गाडीला कितीही रेस दिली असती तरी हा आवाज आला नसता. आवाज तुमच्या कानानं ऐकल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, मग त्यासाठी घाट चढावा लागला तरी चालेल.

आता बोनेट उघडू. त्याआधी गळ्यातला मफलर, चेन, सैल बाही, सगळं बाजूला ठेवा. इलेक्ट्रिक फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. शटर उघडं ठेवा. बंद जागेत इंजिन चालवलं की सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही.

पहिलं काम ऑइलची कांडी काढून बघायचं. इंजिन खालून धडधडतंय आणि ऑइलचा दिवा लागलाय, तर लगेच बंद करा आणि ‘थोडं ऐकून बघू’ म्हणून पुन्हा चालू करू नका. त्या आवाजाचा प्रत्येक मिनिट क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) खातो.

कानाची मुख्य शिकवण ही: फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. आयडलिंग (रेस न देता चालणं) 800 आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला 13 फेरे मारतो आणि कॅम साधारण साडेसहा. म्हणून वरच्या भागातला, म्हणजे टॅपेट-व्हॉल्व्हचा आवाज संथ आणि हलका टिकटिकतो. पिस्टन-कनेक्टिंग रॉडचा आवाज जड आणि खालून येतो. सुरुवातीला हा फरक पकडता येत नाही. चांगल्या, न वाजणाऱ्या गाड्या रोज ऐकत राहा. निरोगी इंजिन कसं बोलतं ते ज्याच्या कानात बसलंय, त्यालाच बिघडलेलं ओळखू येतं.

जागा पकडायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो, पण लांब पेचकसानंही भागतं: टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर, आणि फिरत्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) लांब. व्हॉल्व्ह कव्हर, ब्लॉक, ऑइल संप, अल्टरनेटर, वॉटर पंप, असं एकेक ठिकाण ऐकत जा. धातूतून आवाज फिरतो, म्हणून एका जागी मोठा वाटला की तिथंच थांबायचं नाही; सगळीकडे टेकवून सर्वांत स्पष्ट कुठं येतो ते ठरवायचं.

सिलिंडर कापून बघणं ही सर्वांत उपयोगी परीक्षा. एकेका सिलिंडरचं काम बंद करायचं. आवाज एकदम कमी झाला तर त्या सिलिंडरवरचा दाब गेल्यामुळे तो गेला, म्हणजे बहुधा त्याचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) किंवा पिस्टन. मेन बेअरिंगचा (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो त्याचा) जड आवाज एक सिलिंडर कापून सहसा फारसा बदलत नाही. टॅपेटलाही काही फरक पडत नाही, कारण व्हॉल्व्ह तसेच उघड-मीट करत राहतात. पेट्रोल गाडीत इंजेक्टरचा (इंधन फवारणाऱ्या भागाचा) वायरचा सॉकेट काढा. जुन्या पंपाच्या डिझेल इंजिनात मिस्त्री लोक इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करतात. कॉमन रेल गाडीत (नव्या डिझेल गाड्या, जिथं सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जोरदार दाबानं डिझेल जातं) हे कधीही करायचं नाही. तिथं चालू इंजिनात शेकडो बार दाब असतो, लोडवर दीड हजार बारच्याही वर जातो. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. कुणाला लागलंच तर पट्टी बांधून घरी न पाठवता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या. अशा गाडीत सिलिंडर स्कॅनरनं किंवा इंजेक्टरचा सॉकेट काढून बंद करायचा.

फसवणारे आवाज वेगळे शिकावे लागतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं की थंड इंजिनात हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. गरम झाल्यावर धातू फुगून फट मिटते आणि आवाज मावळतो. गॅस्केटपाशी काळी काजळी दिसते का बघा. ती न बघता हेड उघडलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत. पिस्टन स्लॅपही (सैल पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं) थंड इंजिनातच जास्त वाजतो, पण तो टिकटिक नसून बोथट ठोका असतो. सकाळी चालू करताना क्षणभर खरखर येऊन थांबली तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) आणि तिच्या टेन्शनरकडे (ती ताणून धरणाऱ्या भागाकडे) बघा. ऑइलचा दाब येईपर्यंत चेन सैल असते.

पावसाळ्यात साताऱ्यात पट्ट्याच्या किंचाळण्याच्या तक्रारी रोज येतात. चालत्या पट्ट्याच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारा. चिवचिव क्षणभर थांबली तर पुल्या एका रेषेत नाहीत. किंचाळणं उलट वाढलं तर पट्टा सैल आहे किंवा टेन्शनर गेलाय. नुसता नवा पट्टा टाकून गाडी दिली तर आवाज थोड्याच दिवसांत परत येतो. मग अगदी थोडा वेळ पट्टा काढून इंजिन चालवा. आवाज गेला तर अल्टरनेटर, वॉटर पंप, आयडलर हातानं फिरवून कुठली बेअरिंग खरखरते ते बघा.

क्लचची परीक्षा सर्वांत सोपी. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला ठेवून पेडल दाबा. आवाज दाबल्यावर सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारी), दाबल्यावर बंद झाला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टची बेअरिंग. वळणावर वाढणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची असते, इंजिनाची नव्हे. आणि ठरावीक आरपीएमलाच येणारा पत्र्याचा थरथराट असेल तर लाकडी काठीनं सायलेन्सरवरचा हीट शील्ड दाबून बघा. एका क्लॅम्पचं काम असतं.

ज्यांना शिकायची खरी ओढ आहे त्यांनी आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी सोडू नये. एसटीच्या कार्यशाळेत जड डिझेल इंजिनं रोज ऐकायला मिळतात. छोट्या गॅरेजात गेलात तर जिथं मिस्त्री निदान होण्याआधी खोलू देत नाही अशी जागा धरा, पगार सुरुवातीला थोडा कमी असला तरी. एक वही ठेवा: गाडी, किलोमीटर, आवाज कधी येत होता, आपल्याला काय वाटलं, आणि उघडल्यावर काय निघालं. शेवटचे दोन रकाने शेजारी-शेजारी आखा, आणि गाडी दुसऱ्यानं उघडली असली तरी त्याला विचारून तो रकाना भरा.