जगात उलथापालथ, आपला धंदा स्थिर: नाशिकच्या उद्योजकाने नेमके काय करावे

८ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीने कांद्याची निर्यात बंद केली. जिल्ह्यातले लिलाव थांबले, शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि मोटारी बनवणाऱ्यांची पुरवठादारांकडे धावपळ सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लावले. सातपूर-अंबडमधल्या शेडपासून दिंडोरीच्या पॅकहाऊसपर्यंत या निर्णयांचा हिशेब मांडावा लागला.

पुढचा धक्का कुठून येईल याचा अंदाज बांधत बसू नका. त्यात मोठमोठ्या बँकांचेही अंदाज चुकतात. आपला धंदा कुठे एकाच आधारावर टेकलेला आहे ते मात्र आपल्याला आजच कळू शकते, आणि तिथे दुसरा आधार लावणेही आपल्या हातात असते. तेच काम क्रमाने कसे करायचे ते पाहू.

पहिले काम: चार खाने आखा

एक मोठा कागद घ्या आणि चार खाने करा: गिऱ्हाईक, कच्चा माल, मालाची वाट, चलन. गेल्या १२ महिन्यांची विक्री आणि खरेदी टॅलीतून काढा आणि प्रत्येक खान्यात नावापुढे टक्के लिहा. एखादे नाव एक तृतीयांशाच्या वर गेले की त्याभोवती लाल पेनने गोल करा.

इथपर्यंतचे काम एका दुपारी होते. खरी मेहनत पुढे आहे. अंबडमधला प्रेसशॉपवाला म्हणतो, ‘आम्ही निर्यात करत नाही, अमेरिकेचे शुल्क आम्हाला काय लागणार?’ त्याचा ब्रॅकेट जातो एका स्विचगिअर कंपनीकडे, त्या कंपनीचे पॅनेल जाते परदेशात, आणि तिकडची ऑर्डर आटली की दोन महिन्यांनी याचे शेड्यूल निम्म्यावर येते. म्हणून प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला सरळ विचारा: आमचा भाग शेवटी कोणत्या देशात जातो? बहुतेक जण सांगतात. सांगत नसतील तर भागाच्या ड्रॉइंगवरचे मानक पाहा, पॅकिंगची मागणी पाहा, अंदाज येतो.

खरेदीच्या बाजूलाही तसेच करा. बिल मुंबईच्या व्यापाऱ्याचे असते, माल शांघायहून आलेला असतो. बेअरिंग, चुंबक, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, रसायने यांच्या खोक्यावरचे मूळ देशाचे नाव वाचून कागदावर लिहा. स्टोअरमधल्या माणसाला सोबत घ्या. मालकाला बिलावरचे नाव माहीत असते, त्याला खोक्यावरचे.

शेतमालाचा धंदा असेल तर एक खाना वाढवा: सरकारी धोरण. कांद्याचेच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क, सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. दोन वर्षांच्या आत नियम निदान पाच वेळा बदलले. हा धोका परदेशातला नाही, तरीही कांद्याच्या निर्यातदाराने तो सगळ्यात वर लिहायला हवा.

दुसरे काम: किती दिवस तग धरू ते मोजा

पगार, विजेचा स्थिर आकार, बँकेचा हप्ता, गाळ्याचे भाडे यांची महिन्याची बेरीज करा. हातातली रोकड आणि सीसी (कॅश क्रेडिट) खात्यातली न वापरलेली मर्यादा मिळून या बेरजेच्या किती पट आहे ते पाहा. तीन पटीपेक्षा कमी असेल तर नवे मशीन, नवी शेड, नवी गाडी थांबवा. माझे मत इथे अगदी ठाम आहे. चांगले चालणारे कारखाने तोट्यामुळे कमी आणि रोकड संपल्यामुळे जास्त बंद पडतात.

रोकड वाढवायचा पहिला मार्ग म्हणजे आपलेच अडकलेले पैसे. उद्यम या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकते व्हावे असा कायदा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याला आयकराची धार आली आहे. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिल्यावरच धरता येते. ही तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्यांसाठी नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्च उजाडण्याआधी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागाला त्याची नम्रपणे आठवण करून द्या. गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ती ट्रेड्स व्यवस्थेत आहे का ते विचारा. तिथे कंपनीने मान्य केलेले बिल बँकांपुढे ठेवले जाते आणि थोडे व्याज कापून पैसे लवकर हातात येतात.

तिसरे काम: कोटेशन आणि करार दुरुस्त करा

अनेकांचे कोटेशन वर्षानुवर्षे तेच असते, वरची तारीख तेवढी बदलते. त्यात चार गोष्टी घाला.

भावाची मुदत लिहा, १५ किंवा ३० दिवस. तांबे, अॅल्युमिनियम, पोलाद यांचा वाटा मोठा असेल तर मूळ धातूचा कोणता दर धरला आहे ते लिहा आणि तो ठराविक टक्क्यांच्या पलीकडे हलला तर भाव बदलेल असे कलम टाका. मोठ्या कंपन्या आपल्या करारांत असे कलम घालतातच. लहान पुरवठादारच मागायला संकोचतो.

जहाजाचे भाडे कोणाच्या माथी आहे ते स्पष्ट असू द्या. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. युरोपला जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास साधारण १० ते १५ दिवसांनी लांबला आणि भाडी कडाडली. ज्यांनी सीआयएफ भावाने, म्हणजे भाडे आणि विमा धरून, आधीच सौदे केले होते त्यांच्या नफ्यातून ते गेले. एफओबी भावाने विकणाऱ्याची जबाबदारी माल न्हावाशेव्याला जहाजावर चढला की संपली. द्राक्षवाल्याला मात्र तेवढ्याने सुटका नाही. रिफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये तापमान शून्याच्या आसपास ठेवले तरी काडी सुकायला लागते, मणी गळतात, आणि दोन आठवडे उशिरा पोहोचलेल्या पेटीचा भाव तिकडे पाडूनच मागतात. त्यामुळे वाट लांबलेली असताना जास्त टिकणारा वाण, काढणीनंतर लगेच प्रीकूलिंग (माल थंड करणे) आणि पेटीत योग्य ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा कागद) यांवर खर्च करा.

चलनाचा हिशेब उदाहरणाने पाहा. समजा ५०,००० डॉलरची ऑर्डर आहे, कोटेशन देताना डॉलर ८८ रुपये होता, पैसे ९० दिवसांनी येणार. अपेक्षित रक्कम ४४ लाख. नफा ६ टक्के धरला तर २ लाख ६४ हजार. पैसे आले त्या दिवशी डॉलर ८६ असेल तर १ लाख रुपये गेले, म्हणजे नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. डॉलर वर गेला तर फायदा होतो हे खरे, पण आपण कारखानदार आहोत, सट्टेबाज नाही. निदान निम्म्या रकमेचे फॉरवर्ड बुकिंग बँकेत करा, म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा दर आजच पक्का करा. कच्चा मालही डॉलरमध्ये येत असेल तर येणे आणि देणे आधी एकमेकांत वजा करा, उरलेल्याचेच बुकिंग लागते.

चौथी गोष्ट म्हणजे पैसे बुडण्याचा धोका. नव्या परदेशी गिऱ्हाइकाला उधारीवर माल पाठवण्याआधी ईसीजीसीकडून त्याची पत तपासून घ्या आणि विमा घ्या. १९५७ पासून ही सरकारी कंपनी हेच काम करते. गिऱ्हाईक दिवाळखोर झाले किंवा त्याच्या देशात युद्ध भडकले, पैसे बाहेर पाठवण्यावर बंदी आली, तरी तोट्याचा मोठा भाग ती सोसते. शेजारच्या देशाशी व्यवहार आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशातले सरकार कोसळले तेव्हा सीमेवर व्यापार काही दिवस ठप्प झाला होता, आणि आपला कांदा आणि द्राक्षे तिकडे मोठ्या प्रमाणात जातात. आणि ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल आला तर जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. आपल्या गिऱ्हाइकालाही हेच सांगून ठेवा, कारण आपल्या नावाने त्याला असा ईमेल जाऊ शकतो.

चौथे काम: दुसरा पुरवठादार आत्ताच तयार करा

लाल गोल केलेल्या प्रत्येक मालासाठी दुसरा पुरवठादार हवा. तो २-४ टक्के महाग असेल, असू द्या. एकूण खरेदीच्या दहाव्या हिश्श्याइतकी ऑर्डर त्याला नियमित देत राहा. वाहन उद्योगात माल बदलायचा तर गिऱ्हाइकाची पीपीएपी, म्हणजे सुटा भाग वापरण्याआधीची, मंजुरी लागते. नमुने, मापांचे अहवाल, चाचण्या यांत महिने जातात. संकट आल्यावर अर्ज केला तर मंजुरी मिळेपर्यंत लाइन बंद. जागा असेल तर ज्याचा साठा खराब होत नाही आणि जो फक्त एकाच देशातून येतो, अशा मालाचा दोन महिन्यांचा साठा ठेवा. सगळ्याच मालाचा नको, भांडवल अडकते.

पाचवे काम: कागदपत्रांतून बाजार उघडा

संधीचा सगळ्यात स्वस्त मार्ग इथे आहे आणि तो सगळ्यात दुर्लक्षित आहे.

आधी आपल्या वस्तूचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक, नक्की करा. इंडियन ट्रेड पोर्टल या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की कोणत्या देशात किती शुल्क लागते आणि करारामुळे किती सवलत मिळते ते दिसते. अमिरातीशी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून, आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे सगळ्याच भारतीय मालाला शून्य शुल्क आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिकटेनस्टाइन यांच्याशी १ ऑक्टोबर २०२५ पासून. ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतात बनला असल्याचे मूळ देशाचे प्रमाणपत्र ऑनलाइन काढावे लागते आणि ‘भारतात बनला’ याची व्याख्या प्रत्येक करारात वेगळी असते. एका देशाच्या बाजाराला ५० टक्के शुल्काचे कुलूप लागते तेव्हा ही यादी उघडून बसणारा कारखानदार पुढच्या हंगामात उभा राहतो.

कडक नियमही संधीच असते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले, माल नाकारला गेला आणि बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर रसायनांची यादी कडक झाली, प्लॉटची नोंदणी, काढणीआधी प्रयोगशाळेचा अहवाल, ग्रेपनेट या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरची नोंद यांना शिस्त आली. आज युरोपातल्या खरेदीदाराला पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो आणि त्याच भरवशावर नाशिकची द्राक्षे तिथल्या दुकानांत टिकून आहेत.

पोलाद आणि अॅल्युमिनियमवाल्यांसमोर आज तसेच वळण आहे. युरोपीय संघाचा सीबीएएम, म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. नट-बोल्टसारख्या वस्तूही त्यात येतात. युरोपातला आयातदार तुमच्याकडे माल बनताना किती कार्बन बाहेर पडला याचे आकडे मागणार. विजेची बिले, भट्टीच्या इंधनाची नोंद, पोलाद पुरवठादाराचे प्रमाणपत्र यांची फाइल आजपासून ठेवा. शेजारच्या शेडकडे ही फाइल नसेल तर ऑर्डर तुमच्याकडे येईल.

कांद्यालाही अशी पळवाट नव्हे, राजमार्ग आहे. वाळवलेल्या चकत्या आणि पावडर यांचा एचएस कोड ताज्या कांद्यापेक्षा वेगळा आहे, त्यामुळे ताज्या कांद्यावरचा निर्णय त्यांना तसाच्या तसा लागू होत नाही.

सहावे काम: संधी एकच निवडा

नाशिकमध्ये सध्या संधींची कमी नाही. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) तेजस मार्क-१ए लढाऊ विमानांच्या जोडणीच्या लाइनचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि बंदराकडे जायला कसारा घाटाला पर्याय मिळाला. २०२६-२७ चा सिंहस्थ दारात आहे.

विमानाच्या सुट्या भागांसाठी एएस ९१०० हे गुणवत्ता प्रमाणपत्र, प्रत्येक तुकड्याच्या कच्च्या मालाची नोंद आणि पहिली ऑर्डर मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षांचा धीर लागतो. तीन महिन्यांची रोकड नसलेल्याने त्यात उतरू नये. सिंहस्थाची मागणी नेमकी उलटी असते: झटपट येते, झटपट जाते. त्यासाठी यंत्रसामग्री भाड्याने घ्या, माणसे कंत्राटावर घ्या, सात वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढू नका.

सातवे काम: माणूस आणि तारीख ठरवा

चार खान्यांचा कागद दर तीन महिन्यांनी नव्याने भरायचा. जबाबदारी मालकाची, मदतीला अकाउंटंट आणि स्टोअरचा माणूस. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या व्यापार सूचना आणि बंदरावरच्या घडामोडी रोज कोण वाचणार ते नावानिशी ठरवा. आपला कस्टम्स एजंट हे आनंदाने कळवतो, फक्त त्याला सांगावे लागते. निमा, आयमा या उद्योजक संघटनांत आणि जिल्हा उद्योग केंद्रात निर्यातीवर बैठका होतात, तिथे मुलाला किंवा मॅनेजरला पाठवा. आणि एप्रिल ते जूनच्या दरम्यान आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, ऑनलाइन अद्ययावत करा, माहितीत काहीही बदल झाला नसला तरी. ते राहिले तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि माल बंदरावर अडकतो.