ग्रंथालयाची व्हॉट्सॲप यादी कशी चालवावी
सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने समाजमाध्यमांची सुरुवात व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीपासून (एकच संदेश अनेकांना, पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे पोहोचवणारी यादी) करावी, कारण ग्रुपमध्ये प्रत्येक सभासदाचा क्रमांक इतरांना दिसू शकतो आणि वाचकाची खासगी माहिती जपणे हे ग्रंथपालाचे कर्तव्यच आहे. वर्गणी घेतानाच सभासदाची संमती घ्यावी आणि ग्रंथालयाचा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये जतन करायला सांगावा. तो जतन नसेल तर संदेश पोहोचतच नाही. एका यादीत २५६ क्रमांक मावतात. नव्या पुस्तकाची दाखल नोंद झाली, की मुखपृष्ठाचे छायाचित्र आणि दोन ओळींचा परिचय, तोही स्वतः पुस्तक चाळून लिहिलेला, पाठवावा. पुस्तकाची पीडीएफ मात्र पाठवू नये, कारण भारतात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. पुस्तक परत करण्याची मुदत संपल्याची आठवण त्या सभासदाला स्वतंत्रपणेच करावी.