कोणतं गर्भनिरोधक घ्यावं? आधी स्वतःचा दिवस बघा

मैत्रीण जी गोळी घेते तीच आपणही घ्यावी, असं मी २६ व्या वर्षी केलं होतं. तिला छान चालली, मला नाही, आणि त्यात गोळीचा काहीच दोष नव्हता. माझ्या नोकरीत शिफ्ट बदलायच्या, एक आठवडा सकाळ एक आठवडा रात्र, त्यामुळे "रात्री जेवण झालं की लगेच घ्यायची" हा नियम मला लागूच पडत नव्हता कारण माझं रात्रीचं जेवण कधी दहाला तर कधी पहाटे तीनला. एका शुक्रवारी पर्समध्ये दुसरंच काहीतरी शोधताना गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं, मागच्या चंदेरी कागदावर वार छापलेले असतात बघा, तर मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही गोळ्या जागच्या जागी. पुढे पाळी येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. तेव्हापासून कोणी विचारलं की सगळ्यात चांगलं कुठलं गं, तर मी आधी विचारते, तुझा दिवस कसा जातो ते सांग.

याचं कारण आकड्यात दिसतं. प्रत्येक साधनाचे दोन आकडे असतात, एक अगदी नियमाप्रमाणे वापरलं तर आणि दुसरा आपल्यासारखी माणसं प्रत्यक्षात जसं वापरतात तसं. गोळी एकही न चुकवता घेतली तर वर्षभरात १०० पैकी एकीलाही दिवस जात नाहीत म्हटलं तरी चालेल, पण प्रत्यक्षात साधारण ७ जणींना जातात. कंडोमचं तसंच, नियमाप्रमाणे २ आणि प्रत्यक्षात १३ च्या आसपास. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचं प्रत्यक्षात ४, कारण पुढची तारीख हुकते. ऐनवेळी बाहेर काढणं यावर भिस्त ठेवली तर २० च्या घरात. आणि गर्भपिशवीत बसवतात त्या कॉपर टी आणि हार्मोनवाली टी, दंडात बसवतात ते इम्प्लांट, नसबंदी, यांचे दोन्ही आकडे जवळपास सारखेच आणि १ च्या खाली, कारण बसवल्यावर तुम्हाला रोज काही करायचंच नसतं. काहीच वापरलं नाही तर वर्षभरात १०० पैकी ८५ जणींना दिवस जातात, हे पण लक्षात असू द्या, म्हणजे अर्धवट वापरलेलं साधनसुद्धा काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता स्वतःला विचारायचं. मूल हवंय का, आणि हवं असेल तर कधी? सहा महिन्यांनी, तीन वर्षांनी, की आता पुरे झालं? हे ठरलं की निम्मं काम होतं. वर्षभरात मूल हवं असेल तर इंजेक्शन घेऊ नका, कारण शेवटचं इंजेक्शन घेतल्यापासून दिवस जायला सरासरी ९-१० महिने लागतात, काहींना वर्षापेक्षा जास्त. बाकी गोळ्या, टी, इम्प्लांट बंद केलं की पाळीचं चक्र लवकरच मूळ जागी येतं. टी बसवली की पुढे मूल होत नाही हे मी इतक्या बायकांकडून ऐकलंय, ते खरं नाही, आणि अजून मूल न झालेल्या बाईलाही टी बसवता येते.

मग शरीराला काय चालतं ते, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणारे कारण इथेच घाई होते. नेहमीच्या गोळ्यांमध्ये दोन हार्मोन असतात, त्यातलं एक म्हणजे इस्ट्रोजेन, आणि ते काही जणींना अजिबात चालत नाही. माझ्या एका मैत्रिणीला अर्धशिशीचा त्रास. डोकं दुखायच्या आधी तिला डोळ्यांसमोर चमकणारी वेडीवाकडी रेघ दिसायची, वीसेक मिनिटं ती रेघ हळूहळू कडेला सरकायची, अर्धं अक्षर दिसायचं अर्धं नाही, मग डोकं. ती आठ महिने इस्ट्रोजेनवाली गोळी घेत होती आणि कोणी तिला विचारलं नव्हतं की डोकेदुखीच्या आधी काही दिसतं का, आणि तिनेही सांगितलं नव्हतं कारण तिला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला असेल. अशी रेघ दिसणारी अर्धशिशी असेल तर या गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो, म्हणून त्या नकोच. हे कळलं त्याच दिवशी तिने गोळी थांबवली आणि पुढे हार्मोनवाली टी बसवली.

तसंच बीपी जास्त असेल, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयाचा त्रास किंवा स्ट्रोक होऊन गेला असेल, लिव्हरचा गंभीर आजार असेल, स्तनाचा कॅन्सर झाला असेल, ३५ च्या पुढे वय आणि सिगारेट चालू असेल, तर इस्ट्रोजेनची गोळी, त्वचेवर चिकटवायचा पॅच, योनीत ठेवायची रिंग यातलं काहीच परस्पर सुरू करायचं नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हार्मोनचं कुठलंच साधन नको, तिथे कॉपर टी किंवा कंडोम. निदान गोळी सुरू करायच्या आधी बीपी तरी मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आणि चालू असलेली औषधं सगळी सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटसाठीची कार्बामाझेपिन, फेनिटोइन ही औषधं गोळीचा आणि इम्प्लांटचा असर कमी करतात, कॉपर टी वर मात्र त्यांचा परिणाम होत नाही.

तिसरं म्हणजे पाळी. जिला मुळात अंगावरून खूप जातं, पोटात कळा येतात, हिमोग्लोबिन कमी आहे, तिने कॉपर टीचा विचार जरा जपून करावा, कारण कॉपर टीने पहिले ३ ते ६ महिने रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात. अशा बाईला हार्मोनवाली टी जास्त सोयीची, त्यात पाळी हळूहळू कमी होते, काहींची तर थांबतेच, आणि ते रक्त आत साठत नाही बरं का, पिशवीचं अस्तरच पातळ राहतं म्हणून येत नाही. उलट जिला हार्मोन नकोच आहेत आणि पाळी नेहमीसारखी दर महिन्याला आली की जिवाला बरं वाटतं, तिच्यासाठी कॉपर टी उत्तम, प्रकाराप्रमाणे ५ ते १० वर्षं चालते. काही घरात जुन्या बायका हिला तांबी म्हणतात, आणि तांब्याची तार गुंडाळलेलीच असते त्यावर. इम्प्लांट ३ ते ५ वर्षं चालतं आणि सगळ्यात भरवशाचं, पण त्यात कधीही डाग दिसतात, कधी महिना कोरडा तर कधी पंधरा दिवस थोडं थोडं, आणि काढून घेणाऱ्या बहुतेक बायका याच कंटाळ्याने काढतात. हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही.

टी बसवताना दुखतं का, तर काहींना किंचित, काहींना चांगलंच. मला चांगलंच दुखलं होतं, दोन-तीन मिनिटं, पाळीतल्या सगळ्यात वाईट कळेसारखं, आणि मला आधी कोणी वेदनाशामक घ्यायला सांगितलं नव्हतं. तुम्ही आधीच विचारा, दुखू नये म्हणून काय देणार, आणि मध्येच थांबवा म्हटलं तर थांबवाल का. बसवल्यावर दोन बारीक दोरे आत राहतात, पाळी संपली की स्वच्छ बोटाने चाचपून बघायचे, मासे धरायच्या नायलॉनसारखे लागतात. दोरे लागले नाहीत, अचानक लांब वाटले किंवा टोचणारं कडक काही लागलं तर तपासून घेईपर्यंत कंडोम वापरायचा, कारण टी कधीकधी, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, आपोआप खाली येते.

नुकतंच बाळंतपण झालं असेल तर गोष्ट वेगळी. अंगावर पाजताय तर पहिले ६ आठवडे इस्ट्रोजेन अजिबात नाही आणि शक्यतो ६ महिने नाही, फक्त प्रोजेस्टिन (नेहमीच्या गोळीतलं दुसरं हार्मोन) असलेली गोळी, इम्प्लांट, टी हे चालतं. पाजतेय म्हणजे दिवस जाणारच नाहीत हे तीन अटींवर बऱ्याच अंशी खरं आहे, बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान, पाळी अजून आलेली नाही, आणि दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध. एक अट जरी मोडली तरी दुसरं साधन सुरू करायचं, पाळीची वाट बघत बसायचं नाही, कारण बीज आधी सुटतं आणि पाळी नंतर येते.

दिवस मोजून सांभाळणाऱ्यांसाठी एवढंच की शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहतात आणि बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला कळतं? ज्यांची पाळी वरखाली होते त्यांनी यावर राहू नये.

जर गोळीच निवडली तर चुकल्यावर काय करायचं ते आजच पाठ करा, चुकल्या दिवशी डोकं चालत नाही. एक चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, एका दिवशी दोन झाल्या तरी चालतील. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या, पुढे नेहमीसारखं चालू आणि ७ दिवस कंडोम. चूक पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि मागच्या ५ दिवसांत संबंध आला असेल तर इमर्जन्सी गोळीचा विचार करा. चूक तिसऱ्या आठवड्यात झाली तर पाकिटातल्या शेवटच्या, हार्मोन नसलेल्या रिकाम्या गोळ्या किंवा ७ दिवसांची सुट्टी सोडून थेट नवीन पाकीट. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली तर परत एक. फक्त प्रोजेस्टिनवाल्या गोळीत काही प्रकारांना ३ तासांचाच उशीर चालतो, काहींना १२ तासांचा, म्हणून आपलं पाकीट वाचा. आणि मधेमधे गोळ्या बंद करून शरीराला आराम द्यायचा असतो हे कुठून आलं माहीत नाही, पण त्या आरामातच दिवस जातात.

पाय सुजून पोटरी दुखली, छातीत दुखलं, श्वास अडकला, अचानक भयंकर डोकं दुखलं किंवा दिसायला कमी झालं, तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मळमळ, स्तन जड वाटणं, मधेच डाग, हे मात्र पहिल्या तीनेक महिन्यांत बहुतेक वेळा कमी होतं, तेवढा वेळ द्या, आणि तरी जमलं नाही तर साधन बदला.

इमर्जन्सी गोळी ही मागचं निस्तरायला असते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. युलिप्रिस्टल मिळत असेल तर ती १२० तासांपर्यंत चालते. ५ दिवसांच्या आत कॉपर टी बसवली तर ती या दोन्हींपेक्षा भरवशाची, आणि पुढची काही वर्षं पण निघतात. नंतर पाळी आठवडाभर पुढे गेली तर टेस्ट करा.

कंडोम शेवटी लिहितेय म्हणून कमी समजू नका, लैंगिक आजारांपासून वाचवणारं साधन तेवढं एकच आहे, त्यामुळे टी असली तरी नव्या जोडीदाराबरोबर कंडोम हवाच. तारीख बघायची, दातांनी फोडायचं नाही, लॅटेक्सवर तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही कारण ते रबर कमकुवत करतं, आणि एकावर एक दोन तर कधीच नाही.

ज्यांना आता मूल नकोच आहे त्या जोडप्यांमध्ये ऑपरेशनचं नाव निघालं की बाईचंच निघतं, याचं मला फार वाईट वाटतं. पुरुष नसबंदी जास्त सोपी आहे, जागा बधिर करून साधारण अर्ध्या तासात होते, पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, आणि त्याची ताकद, इच्छा, वीर्य बाहेर येणं, सगळं पहिल्यासारखंच राहतं. नवरा तयार नसेल तर त्याला एकदा बरोबर घेऊन जा, त्याचे प्रश्न त्यालाच डॉक्टरांना विचारू द्या, माझ्या सांगण्यावरून कोणी तयार होत नाही हे मी घरातच बघितलंय, डॉक्टरांसमोर मात्र त्याने चार प्रश्न विचारले आणि तारीख घेतली. दोघांपैकी कोणाचीही नसबंदी कायमचीच आहे असं धरूनच निर्णय घ्या, उलटवण्याचं ऑपरेशन असतं पण यशाची खात्री नाही. आणि पुरुषाची लगेच लागू होत नाही, नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून ३ महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची आणि रिपोर्टमध्ये शुक्राणू नाहीत असं लिहून येईपर्यंत कंडोम चालूच ठेवायचा.