बेळगावात मुलांचे वकीलपत्र घेणाऱ्यांसाठी

बाल अत्याचाराच्या खटल्यात वकीलपत्रावर सही पालकाची असली तरी पक्षकार मूल असते, ही गोष्ट या कामात नव्याने येणाऱ्याने आधी मनाशी पक्की करावी, कारण पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. फिर्याद आईने दिलेली असते आणि आरोपी तिचाच दीर किंवा भाऊ निघतो. काही महिन्यांनी घरातली वडीलधारी मंडळी 'पोरीचं पुढं लग्न व्हायचंय' म्हणत प्रकरण मिटवायचा आग्रह धरतात, आणि सल्ला विचारायला येतात तेही मोठेच. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकावे. मात्र मुलांवरील लैंगिक अत्याचाराचे गुन्हे तडजोडीच्या आधारावर रद्द करता येणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये स्पष्ट केले आहे, ते त्यांना समोर बसवून सांगावे. मुलाला घरातूनच धमकावले जात असेल, तर पालक नाराज होतील म्हणून गप्प न बसता बालकल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवावे.

अमेरिकेतील लेखन वाचून आलेल्यांची अपेक्षा वेगळी असते. तिथे 1974 च्या संघीय कायद्यानुसार, अनुदान घेणाऱ्या राज्यांना अत्याचार व दुर्लक्षाच्या न्यायालयीन प्रकरणांत मुलासाठी प्रतिनिधी नेमावा लागतो. आपल्याकडे पोक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 40 ने कुटुंबाला पसंतीचा वकील देण्याचा हक्क दिला आहे, आणि ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाने वकील पुरवायचा आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तर मुलाला मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अटच नाही. तरीही हा हक्क बहुतेक कुटुंबांना कोणी सांगितलेलाच नसतो.

खटला चालवतात ते विशेष सरकारी वकील. आपण त्यांच्या निर्देशांखाली काम करायचे आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद द्यायचा, एवढीच चौकट असल्याने उलटतपासणीत नाव कमावण्याची हौस असलेल्यांनी हा मार्ग धरू नये. माझ्या मते खरे काम या चौकटीच्या कडेला आहे. जामिनाच्या अर्जावर पीडित बाजूला ऐकून घेतले पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या निकालाने पक्के झाले आहे. तेव्हा आरोपी त्याच गल्लीत राहतो की नाही, मूल शाळेला कोणत्या वाटेने जाते, हे तपशील न्यायाधीशांसमोर मांडणारा बहुधा आपल्याशिवाय कोणी नसतो. साक्षीच्या वेळी पोक्सोचे कलम 33 डोळ्यांसमोर ठेवावे. त्यानुसार बचाव पक्षाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच मुलाला विचारले जायला हवेत, मुलाला वारंवार बोलावता येत नाही आणि त्याच्या चारित्र्यावर घसरणारे प्रश्न चालत नाहीत. साक्ष सुरू असताना मूल आरोपीच्या समोर येऊ नये, असे कलम 36 सांगते. पण व्हरांड्यात ती दोघे समोरासमोर येणार नाहीत, याची व्यवस्था आपण आधीच करून घ्यावी.

खानापूर किंवा निपाणी भागातल्या मराठी शाळेतील मुलाचा जबाब पोलीस ठाण्यात कन्नडमध्ये उतरवला जातो, आणि मराठी घरातून आलेल्या नव्या वकिलाची कसोटी इथे लागते. जबाब घेताना आणि साक्षीतही दुभाषा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. तो हवा असल्याचा लेखी अर्ज साक्षीच्या तारखेच्या बराच आधी द्यावा. कन्नड बोलता येते एवढ्यावर समाधान मानू नये, हाताने लिहिलेले कन्नड सरसर वाचता आले पाहिजे. मराठी येणारा ज्युनियर या कामात मोलाचा ठरतो, पण कन्नड वाचता न येणाऱ्याला आरोपपत्रही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.

दुर्लक्षाची प्रकरणे बालकल्याण समितीकडे जातात. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीपुढे मुलाला चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, हजर करायचे असते. इथे कोर्टाच्या थाटात बोलणाऱ्याचे फारसे काही साधत नाही. मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल नीट वाचून आलेल्याचे साधते. सीमाभागात एक प्रश्न नेहमी निघतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातले मूल महाराष्ट्रातल्या चंदगड किंवा गडहिंग्लजकडचे असेल, तर बाल न्याय कायद्याच्या कलम 95 नुसार, मूळ जिल्ह्यातील समितीशी विचारविनिमय करून आणि त्यात मुलाचे हित असल्याची खात्री पटल्यावरच त्याला तिकडे पाठवता येते. हद्दीपलीकडचे मूल म्हणून घाईने गाडीत बसवले जात असेल, तर हेच कलम दाखवून हरकत घ्यावी.

वकिलीची सनद आणि ऑल इंडिया बार परीक्षा सर्वांनाच लागते. मात्र विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत मदतीसाठी नेमायच्या वकिलांच्या यादीत, साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून तोवर पोक्सोचे खटले चालवणाऱ्या वकिलाकडे ज्युनियर म्हणून राहावे. पॅनेलची फी तुटपुंजी असते आणि तिच्यावर घर चालत नाही. दिवाणी किंवा महसुली कामे सोबत ठेवावीत.

भरपाईचा अर्ज निकालापर्यंत थांबवू नये. 2020 च्या पोक्सो नियमांनुसार एफआयआर नोंदल्यानंतर अंतरिम भरपाई मागता येते, आणि आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची असते. या मुदतीची आठवण करून देणारे पत्र आदेशाच्या प्रतीसह प्राधिकरणाला पाठवावे आणि मुलाच्या नावाचे बँक खाते आधीच उघडून घ्यावे, नाहीतर मंजूर झालेली रक्कम कागदपत्रांवाचून अडकून पडते.