गिअर टाकताना खर्र आवाज: आधी क्लच तपासा

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एक चाचणी कराच. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर. क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रचना) नसतो, त्यामुळे पेडल दाबूनही क्लच इंजिनपासून पूर्ण सुटत नसेल तर इथेच खर्रर्र होतं. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केलं की अडतात, तर दोष क्लचकडेच.

माझ्या गाडीत तेच निघालं. केबलचा क्लच, पेडलचा फ्री प्ले (क्लच काम करू लागण्याआधीची मोकळी हालचाल) जवळजवळ 40 मिमी. केबलच्या टोकाचा लॉकनट सैल करून अ‍ॅडजस्टिंग नट आवळत प्ले 20 मिमीवर आणला (आकडा आपापल्या मॅन्युअलमधूनच घ्या), आवाज गेला. प्ले शून्यावर मात्र नेऊ नका. रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) सतत टेकून राहतं आणि क्लच घसरायला लागतो. केबलची एखादी तार उसवलेली दिसली तर केबलच बदला. हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर स्लेव्ह सिलिंडरचं (त्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट उचलून पाहा. आत ओल म्हणजे सील गेलं.

रिव्हर्स नीट पडतो, पण धावत्या गाडीत फक्त तिसऱ्यालाच खरखर? बहुधा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली. डबल क्लच केल्यावर (न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून, पुन्हा दाबून मग गिअर टाकल्यावर) आवाज थांबला तर संशय पक्का. तेल बदलून झिजलेली रिंग भरून येत नाही. जीएल-4 दर्जाचं गिअर तेल सांगितलं असेल तिथे जीएल-5 ओतू नका, त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी रिंगा खाऊ शकतात. आणि ड्रेन नट खोलण्याआधी तेल भरायचा नट सुटतो ना, हे बघा.