करिअरचं प्लॅनिंग करताय? आधी दिवस मोजायला शिका

आमच्या तासगाव भागात कुठल्याबी द्राक्षबागायतदाराला रस्त्यात गाठून विचारा छाटणीपासून बाग कितव्या दिवसावर हाय, गाडी बंद न करता सांगतो, "बासष्टावा दिवस". छाटणी कधी घेतली, डोळे फुटायला काडीला पेस्ट कधी लावलं, डावणी रोगाचा स्प्रे कधी झाला, मणी फुगायला जीएच्या (संजीवकाच्या) पाण्यात घड कधी बुडवले, सगळं डायरीत असतंय. आणि त्याच घरातल्या पोराला विचारा तुझं काय चाललंय, तर "करतोय की तयारी". कशाची आणि कधीपर्यंत ते त्यालाबी माहीत नसतं. मीपण तीन वर्षं अशीच काढली. आता कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे आणि गावातली बारावी, आयटीआय झालेली पोरं सारखी विचारायला येतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय.

सगळ्यात आधी पदाचं नाव बाजूला ठेवा आणि काम लिहा. "क्लास वन व्हायचंय", "मोठ्या कंपनीत लागायचंय" असं सगळेच लिहितात, पण त्यात दिवसभर करायचं काय असतं ते बघायला कोणी जात नाही. सातबाऱ्यासाठी तलाठी ऑफिसात जाताच ना, मग अर्धा तास जास्त थांबा आणि तिथं बसलेला माणूस दिवसभर कशाकशाला तोंड देतो ते बघा. ओळखीतला कोणी व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) असेल तर शिफ्ट सुटल्यावर चहाला गाठा आणि तीनच गोष्टी विचारा, पहिली तीन वर्षं पगारात भागलं कसं, या कामात सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो, आणि पाच वर्षं पुढं गेलेला माणूस आज काय करतोय.

माझा चुलतभाऊ दहावीनंतर नुसता "बघू" म्हणत होता. एकदा त्याच्या हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, दिला, एक पिन दिली, म्हटलं मोज. पहिल्यांदा त्यानं थिंबल (फिरवायची नळी) गच्च आवळला, रीडिंग चुकलं. मग टोकाचा रॅचेट फिरवायला शिकवलं, टक टक आवाज आला की थांबायचं. 24.98 मिमी आलं. पुसून परत मोजलं, परत 24.98. तिसऱ्यांदा तेच आल्यावर त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून आठवतंय, त्यानंतर त्याला कुठल्या लाइनला जाऊ हे विचारावं लागलं नाही. असं काहीतरी हातात घेऊन बघितल्याशिवाय गोल लिहूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

काम ठरलं की तारीख, आणि तारखेपासून उलटं मोजायचं. बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड दिसतात ते एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत आधीच तयार झालेले असतात, त्या वेळी पाणी-खत चुकलं तर ऑक्टोबरात कितीबी पळापळ करा घड येत नाही. भरतीचं अगदी तसंच आहे. पोलीस भरतीचं बघा, मैदानी 50 मार्कांची आणि लेखी 100 ची, आधी मैदान होतं आणि त्यात निम्मे मार्क पडले तरच पुढचा विचार होतो. पोरं वर्षभर लायब्ररीत बसतात आणि जाहिरात आली की पळायला लागतात, मग नडगी धरते. 1600 मीटरला पूर्ण मार्क पाहिजेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं, आज तुम्हाला सात मिनिटं लागत असतील तर ते अंतर पंधरा दिवसांत भरून निघत नाही. त्यामुळं आजचा टाइम लिहा, दर महिन्याला किती सेकंद कमी करणार ते लिहा आणि जाहिरातीची वाट न बघता उद्या पहाटे ग्राउंडवर जा.

आयटीआयवाल्यांना तर वाट सरळ आहे पण घरी कोणी मांडून सांगत नाही. फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे ट्रेड, त्यानंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळू शकते म्हणजे अजून दोन वर्षं, आणि तिथनं इंजिनिअरिंगला परत थेट दुसरं वर्ष, म्हणजे तीन. मधे अप्रेंटिसशिप केली तर स्टायपेंड येतो आणि हात बसतो. प्रत्येक टप्प्यावर थांबून नोकरी करता येते ही यातली मोठी गोष्ट, कागदावर चारपाच चौकोन काढून त्यात वर्ष आणि वय लिहा, घरच्यांना लगेच कळतं.

आता एमपीएससी. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे, आणि बरीच जण तोच आकडा प्लॅन धरून चालतात. तो आयोगाचा आकडा आहे, तुमचा तुम्ही ठरवायचा. सुरू करायच्या आधी वडिलांसमोर बसून लिहा की अमुक इतके अटेम्प्ट, अमुक महिन्यापर्यंत, तोवर पूर्वपरीक्षा निघाली नाही तर काय करणार. मी हे लिहिलं नव्हतं, त्यामुळं प्रत्येक रिझल्टनंतर "अजून एकदा" एवढंच बोलणं व्हायचं आणि आई गप्प उठून आत जायची. पुण्यात रूम, मेस, अभ्यासिका यांचा महिन्याचा हिशोब काढून त्याला महिन्यांनी गुणा आणि तो आकडा बेदाण्याच्या पट्टीशेजारी, म्हणजे बेदाणा विकून आलेल्या बिलाशेजारी, ठेवून बघा. पैसे घालू नका असं म्हणत नाही, पण घरातल्या सगळ्यांना आकडा माहीत असू दे.

पोरींसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांच्या प्लॅनमधे दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेली लग्नाची तारीख घुसते. "शिकू दे की" एवढ्यावर कोणी ऐकत नाही. पण कोर्स कधी संपतो, पहिला पगार कधी आणि साधारण किती, हे कागदावर दाखवून दोन वर्षं मागितली तर बापमाणूस निदान ऐकून घेतो, माझ्या बहिणीच्या वेळी हेच कामाला आलं. मामा किंवा आत्या आपल्या बाजूची असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा.

रोजचं टाइमटेबल मी कोणाला देत नाही, ज्याच्या त्याच्या शिफ्टा आणि गुरंढोरं वेगळी. फक्त रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभं राहा, गेल्या आठवड्यात जे झालं त्यावर टिक करा, जे राहिलं ते पुढच्या कुठल्या वारी ते लिहा. एकच काम लागोपाठ तीन आठवडे पुढं ढकललं जात असेल तर एकतर ते फार मोठं धरलंय, त्याचे तुकडे करा, नाहीतर ते तुम्हाला करायचंच नाही, मग घरी तसं बोला. आणि सुरुवात केल्यापासून कितवा दिवस चाललाय तो आकडा रोज कोपऱ्यात लिहा, कोणी विचारलं तर सांगता आला पाहिजे.